वाटाड्या, मार्गदर्शक आणि ग्रंथकार : माचू पिच्चूच्या वाटेवरील निवेदनांचा तौलनिक विचार

१

मराठीत 'शोध' हा एकच शब्द दोन क्रियांना पुरतो. शोध घेतला जातो आणि शोध लागतो. पहिल्या क्रियेत श्रम आहेत, दुसरीत फळ आहे; आणि श्रम करणारा व फळाचा धनी एकच असतो, असे भाषा आपल्याला नकळत सुचवीत राहते. प्राचीन अवशेषांच्या 'शोधा'ची जी प्रवासवर्णने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत लिहिली गेली, त्यांचा सारा डोलारा या गृहीतकावर उभा आहे. प्रत्यक्षात अशा प्रत्येक प्रवासात वाट ठाऊक असलेला एक माणूस पुढे चालत असतो. त्याच्या मागून येणारा पुढे ग्रंथ लिहितो आणि त्या ग्रंथात शोध मागून येणाऱ्याच्या नावावर जमा होतो.

या पुढे चालणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'वाटाड्या' हा गावातला, त्या रानाचा जाणकार; त्याचे ज्ञान वहिवाटीतून आलेले असते. 'मार्गदर्शक' हा संस्थात्मक शब्द आहे. त्यामागे अभ्यासक्रम, परवाना आणि अधिकार उभे असतात. पेरू देशातील कुस्को परिसरातून माचू पिच्चूकडे जाणाऱ्या डोंगरवाटेचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे वाटाड्याच्या जागी मार्गदर्शक कसा आला, याचा इतिहास होय. या स्थित्यंतरात या वाटेविषयीचे कोणते निवेदन ग्रंथात शिरले आणि कोणते बाहेर राहिले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

आज ज्या वाटेला 'इंका वाट' म्हणून जग ओळखते, ती मूळच्या एका विशाल मार्गजालाचा लहानसा तुकडा आहे. इंका राज्यसंस्थेने बांधलेले आणि जोडून घेतलेले हे मार्ग, 'खापाक न्यान', सुमारे ३०,००० किलोमीटर पसरलेले होते. २०१४ मध्ये आर्हेन्तिना, बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, एक्वादोर आणि पेरू या सहा देशांतील त्यांच्या अवशेषांचा जागतिक वारशाच्या यादीत एकत्रित समावेश झाला. माचू पिच्चू हे स्थळ त्या यादीत १९८३ पासूनच आहे.

हा मार्ग मुक्त नव्हता, ही गोष्ट वाङ्मयीन दृष्टीनेही महत्त्वाची आहे. राज्याच्या कामाखेरीज त्यावरून चालण्याची सर्वसामान्यांना मुभा नसे. धावते निरोपे, म्हणजे 'चास्की', गाठी मारलेल्या दोऱ्यांचे 'किपू' आणि तोंडी निरोप घेऊन ठराविक टप्प्यांवर एकमेकांना भेटत. वाटेवर 'तांपू' या नावाची कोठारे व विसाव्याची ठाणी होती. ओझी माणसांच्या आणि लामांच्या पाठीवरून जात. घोडा व खेचर ही जनावरे स्पॅनिशांबरोबर आली.

सोळाव्या शतकात पेद्रो सिएसा दे लिओन याने या रस्त्यांचे भरभरून कौतुक केले. त्याच्या वृत्तान्ताचा पहिला भाग १५५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याच्या दहा वर्षे आधी, १५४३ मध्ये, वाका दे कास्त्रो या प्रशासकाने तांपूंविषयीचे नियम जारी केले होते. प्रवासी स्पॅनिशांनी स्थानिक माणसांवर लादावयाचे ओझे नियंत्रित करण्याची तरतूद त्या नियमांत आहे. म्हणजे या मार्गाविषयीच्या स्पॅनिश लेखनात आरंभापासून दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहात रस्त्याचे वैभव येते, दुसऱ्यात ओझेकऱ्याच्या पाठीवरील भार येतो. पहिला प्रवाह वाङ्मय म्हणून वाचला गेला आणि दुसरा दप्तरात राहिला. ओझेकरी लिखित नोंदीत शिरतो तो असा: नावाने नव्हे, वजनाने.

३

माचू पिच्चूच्या आधुनिक कीर्तीचा कर्ता हायरम बिंगम हा येल विद्यापीठात लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवीत असे. त्याची या प्रदेशातील पहिली महत्त्वाची डोंगरयात्रा १९०९ मधील, आपुरीमाक नदीच्या खोऱ्यावरील चोकेकिराओ या अवशेषांची. तेथे पोहोचल्यावर त्याला पूर्वीच्या अभ्यागतांनी आपापली नावे नोंदवून ठेवलेली आढळली. त्यांत १८३४ मध्ये आलेला फ्रेंच मुत्सद्दी सार्तीज होता, तसेच १८६१ मध्ये येऊन गेलेली पेरूतील प्रतिष्ठित मंडळीही होती. बिंगमने ही नावे उतरवून घेतली आणि आपल्या लेखनात छापली. आपण येथे आलेले पहिले नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

दोन वर्षांनी, २४ जुलै १९११ रोजी, उरुबांबा नदीच्या खोऱ्यातील मांदोर पांपा येथून तो माचू पिच्चूच्या डोंगरावर चढला. त्या चढाईचा त्याने स्वतः दिलेला तपशील बारकाईने वाचण्याजोगा आहे. कुस्को विद्यापीठाचे अमेरिकन कुलगुरू आल्बेर्ट गिसेके यांना त्याच वर्षाच्या प्रारंभी या अवशेषांविषयी त्या परिसरात माहिती मिळाली होती, आणि ती त्यांनी बिंगमला दिली होती. खोऱ्यातून गेलेला खेचरमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाल्यामुळे त्या वळणापर्यंत पोहोचणे शक्य झाले होते. वाटाड्या होता मेल्चोर आर्तेआगा हा तेथील शेतकरी. पावसाळी हवेत वर चढायला तो नाखूश होता. एक सोल मजुरी कबूल केल्यावर तयार झाला. ही रक्कम नेहमीच्या रोजाच्या तीन-चार पट होती, असे बिंगम नमूद करतो. दुभाषा म्हणून कार्रास्को हा लष्करी सार्जंट बरोबर होता, कारण बिंगमला केचुआ येत नव्हती.

वर गेल्यावर जे दिसले ते 'निर्जन' नव्हते. रिचार्ते आणि आल्वारेस ही शेतकरी कुटुंबे काही वर्षांपासून तेथे राहून प्राचीन पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत मका, बटाटे, रताळी पिकवीत होती. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली. आर्तेआगा तेथेच गप्पा मारीत बसला; त्याने ते सारे आधी पाहिलेले होते. पुढच्या भिंतींपर्यंत बिंगमला नेले ते एका लहान मुलाने.

या कुटुंबांनी ती जागा का निवडली, याचे कारणही बिंगमच देतो. कर वसूल करणारे अधिकारी आणि सैन्यात माणसे भरती करणारे हस्तक तेथवर सहसा पोहोचत नसत. हा तपशील त्याच्या निवेदनात ओघात येतो आणि मागे पडतो. वस्तुतः साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. बिंगमच्या लेखी ती नगरी 'हरवलेली' होती. तेथे नांदणाऱ्यांच्या लेखी ती 'आडोशाची' होती. हरवलेल्या वस्तूला शोधणाऱ्याची गरज असते. आडोशाला राहणाऱ्याचे सारे हित मात्र कोणी शोधू नये, यातच असते.

भिंतीवर येथेही एक नाव होते. आगुस्तीन लिसार्रागा या शेतकऱ्याने १९०२ मध्ये तेथे आपले नाव कोळशाने लिहिले होते. बिंगमने आपल्या टिपणात त्याची नोंद घेतली आणि माचू पिच्चूचा शोधक म्हणून त्याचाच निर्देश केला. हे टिपण त्याच्या हयातीत वाचकांसमोर आले नाही. १९१२ च्या मोहिमेत रान साफ करताना भिंतींवरील कोळशाची नावे पुसून काढण्यात आली. अवशेषांच्या रक्षणाच्या दृष्टीने ती कृती समजण्यासारखी आहे. परंतु चोकेकिराओ येथे मुत्सद्द्याचे व जमीनदारांचे नाव ऐतिहासिक नोंद ठरावी आणि माचू पिच्चू येथे शेतकऱ्याचे नाव विद्रूपीकरण ठरावे, या भेदाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

४

एकाच घटनेचे निवेदन वेगवेगळ्या काळांत कसे घडत गेले, हे बिंगमच्या लेखनात स्पष्ट दिसते. एप्रिल १९१३ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाचा संपूर्ण अंक या मोहिमेला वाहिलेला होता. १९२२ मध्ये 'इंका लँड', १९३० मध्ये उत्खननाचा प्रबंध आणि १९४८ मध्ये 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' ही पुस्तके आली. शेवटच्या पुस्तकाच्या वेळेपर्यंत बिंगमच्या राजकीय कारकिर्दीलाही, अमेरिकन सिनेटच्या सदस्यत्वासह, बराच काळ लोटला होता. ज्या रूपात ती चढाई आज जगाला ठाऊक आहे ते रूप प्रामुख्याने या पुस्तकाचे. त्यात कादंबरीला साजेसा आरोह आहे: आडवळणाची वाट, डुगडुगणाऱ्या ओंडक्यांचा पूल, दमछाक करणारा उभा चढ आणि अखेरीस शेवाळाखालून उमटणारी शुभ्र पाषाणाची भिंत. या रचनेत वाटाड्याला स्थान आहे, परंतु ते विलंब घडविणाऱ्या, उत्कंठा वाढविणाऱ्या पात्राचे आहे. ज्ञानाचा उगम म्हणून त्याला स्थान नाही.

या निवेदनाने दिलेला अर्थही टिकला नाही. इंकांचे अखेरचे आश्रयस्थान विल्काबांबा ते हेच, असे बिंगमने प्रतिपादन केले. १९६४ मधील जीन सॅव्हॉय यांच्या शोधकार्यानंतर ते स्थान एस्पिरितू पांपा येथे असल्याचे मान्य झाले; गंमत अशी, की १९११ मध्ये बिंगम स्वतः तेथेही जाऊन आला होता. जॉन रो यांनी उजेडात आणलेल्या १५६८ च्या दस्तऐवजावरून माचू पिच्चूचा परिसर पाचाकूती या राजाच्या खासगी मालमत्तेत मोडत होता, हे स्पष्ट झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सर्गी कर्बमापनानुसार तेथील वस्ती सुमारे १४२० पासून होती. स्पॅनिश बखरींवर आधारलेल्या कालगणनेपेक्षा ही काही दशके आधीची आहे. जुन्या कागदपत्रांच्या व नकाशांच्या अभ्यासातून अलीकडे असेही मांडले गेले आहे, की इंकांच्या काळी या नगरीचे नाव बहुधा 'वायना पिच्चू' होते. ज्या नावाने ती जगाला ठाऊक आहे ते बिंगमच्या वाटाड्यांनी डोंगरासाठी वापरलेले नाव होते. येलला नेण्यात आलेल्या वस्तू २०११ व २०१२ मध्ये पेरूला परत मिळाल्या.

२०२३ मध्ये तेथे पुरलेल्या ३४ व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसे राजवाड्याच्या सेवेतील होती आणि साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांतून, काही तर ॲमेझॉनच्या खोऱ्यातून, तेथे आलेली होती. माचू पिच्चू ही एका राजाची वास्तू असली, तरी तिच्यातील दैनंदिन जीवन बहुवंशीय आणि बहुधा बहुभाषिक सेवकवर्गाचे होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव उपलब्ध नाही.

५

आता आजच्या मार्गदर्शित पदयात्रेकडे वळता येईल. रेल्वेमार्गावरील ८२ व्या किलोमीटरपासून सुरू होणारी ही सुमारे ४३ किलोमीटरची वाट सामान्यतः चार दिवसांत पुरी केली जाते. दुसऱ्या दिवशी वारमिवान्यूस्का ही सुमारे ४,२०० मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. या केचुआ नावाचा अर्थ 'मृत स्त्री' असा आहे. पुढे रुंकुराकाय, सायाक्मार्का, फुयुपातामार्का आणि विन्याय वायना हे अवशेष लागतात. चौथ्या दिवशी 'इंती पुंकू', म्हणजे सूर्यद्वार, येथून सुमारे २,४३० मीटर उंचीवरील माचू पिच्चूचे प्रथम दर्शन घडते. बिंगमने १९१५ मध्ये या वाटेचा माग काढला आणि १९४०–४१ मध्ये पॉल फेयोश यांच्या मोहिमेने तिच्यावरील आणखी स्थळे मोकळी केली. काही स्थळांची आज रूढ असलेली नावे या मोहिमेच्या काळातील आहेत. केचुआ भाषेतील असल्याने ती इंकाकालीन भासतात, आणि प्रवासी ती तशीच समजून परततो.

या चार दिवसांची रचना हीसुद्धा एक संहिता आहे. खडतर चढ, मधले लहान अवशेष आणि अंती महानगरीचे दर्शन हा क्रम बिंगमच्या कथनाचाच आरोह आहे. प्रत्येक प्रवाशाला तो स्वतःच्या पायांनी पुन्हा अनुभवता यावा, अशी योजना आहे. १९११ मध्ये बिंगम या वाटेने मुळी आलाच नव्हता. तो खालच्या खोऱ्यातून चढला होता. तरीही 'शोधा'ची अनुभूती या वाटेने अधिक उत्तम मिळते.

२००१ पासून या वाटेवर परवानाधारक संस्थेखेरीज आणि मार्गदर्शकाखेरीज जाता येत नाही. मार्गदर्शक व ओझेकरी धरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच प्रवेश मिळतो आणि दर वर्षी फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. इंका काळातही मार्गावर येण्यास राज्याची अनुज्ञा लागत असे. कारणे पालटली, अनुज्ञा राहिली. मार्गदर्शक हा येथे तीन भाषांचा मध्यस्थ असतो. पाहुण्यांशी तो बहुधा इंग्रजीत बोलतो, नाक्यावरच्या अधिकाऱ्यांशी स्पॅनिशमध्ये आणि ओझेकऱ्यांशी पुष्कळदा केचुआमध्ये. बिंगमच्या वेळी वाट दाखविणे आणि भाषांतर करणे ही कामे आर्तेआगा व कार्रास्को यांच्यात वाटलेली होती. आता ती एका व्यक्तीत एकवटली आहेत. त्याच्या व्याख्यानात पुरातत्त्व, लोककथा आणि पाठ्यपुस्तक यांचे मिश्रण असते, आणि ते अधिकृत मानले जाते.

ओझेकरी या संहितेच्या कडेला आहेत. बहुतांशी आसपासच्या डोंगराळ केचुआभाषक गावांतून आलेली ही माणसे तंबू, भांडी, शिधा व इंधन घेऊन प्रवाशांच्या पुढे धावत जातात. पाहुणा मुक्कामी पोहोचतो तेव्हा तंबू उभा असतो आणि चूल पेटलेली असते. पेरूमध्ये २००१ च्या अखेरीस ओझेकऱ्यांविषयीचा कायदा झाला. त्याने प्रत्येकी २० किलोची मर्यादा घातली. वाटेच्या प्रारंभी वजनकाट्यावर ओझी तोलली जातात. हा कायदा आवश्यक होता आणि तो श्रमिकांच्या मागण्यांतून आला, यात शंका नाही. तरी १५४३ चे नियम आणि २००१ चा कायदा शेजारी ठेवून वाचले, म्हणजे साडेचार शतकांनंतरही ओझेकऱ्याची लिखित ओळख वजनाच्याच भाषेत होते, हे ध्यानात येते.

६

या वाटेवरील श्रमिकाला शब्द देण्याचा प्रयत्न साहित्याने केलेला आहे. पाब्लो नेरुदा १९४३ मध्ये माचू पिच्चूला आले, १९४५ मध्ये त्यांनी बारा भागांची दीर्घ कविता लिहिली आणि १९५० मध्ये ती 'कांतो खेनेराल' या महाकाव्यात समाविष्ट झाली. दगडांचे वैभव पाहून हे दगड वाहणारा माणूस कोठे होता, असा प्रश्न विचारणारी ही कविता लॅटिन अमेरिकन साहित्यातील एक वळण मानली जाते. तिचे मोल निर्विवाद आहे. मात्र तीत कवी मृतांच्या वतीने बोलण्याचे दायित्व स्वतःकडे घेतो. केचुआ बोलणारे, ओझे वाहणारे जिवंत लोक त्याच प्रदेशात होते. त्यांच्या मुखाने बोलण्याची आवश्यकता नव्हती, त्यांचे ऐकणे शक्य होते.

असे ऐकण्याचा एक उपक्रम पुढे झाला. १९७७ मध्ये कुस्को येथे रिकार्दो वाल्देर्रामा आणि कार्मेन एस्कालान्ते या मानवशास्त्रज्ञांनी ग्रेगोरिओ कोंदोरी मामानी याचे आत्मकथन केचुआ आणि स्पॅनिश अशा द्विभाषिक रूपात प्रसिद्ध केले. त्याची पत्नी असुंता किस्पे वामान हिचे कथनही त्यात आहे. आकोपिया गावचा हा पोरका माणूस सैन्यात, गिरणीत आणि तुरुंगात दिवस काढून अखेरीस कुस्कोच्या बाजारात दोरीने पाठीवर ओझी बांधून वाहणारा हमाल झाला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्या कथनात अवशेषांचे वर्णन नाही. इंका मात्र आहेत. तो सांगतो त्याचा आशय असा, की इंकांना कागद ठाऊक नव्हता आणि देऊ केला तरी त्यांनी तो नाकारला, कारण विकुन्याच्या लोकरीच्या दोऱ्यांतून त्यांना वार्ता कळत असत. ते दोरे म्हणजेच त्यांचे ग्रंथ होते, आणि स्पॅनिशांना ते नको होते.

हा उल्लेख विलक्षण आहे. निरक्षर म्हणून गणला गेलेला एक हमाल लेखनाच्या इतिहासाविषयीच एक सिद्धान्त मांडतो: त्याच्या पूर्वजांजवळ लेखन नव्हते असे नाही, जे लेखन होते ते लेखन म्हणून ओळखले गेले नाही आणि नाकारले गेले. किपूंच्या अभ्यासकांनी पुढे ज्या प्रश्नाची विद्यापीठीय मांडणी केली, त्याचे बीज येथे लोककथेच्या रूपात आहे. मराठी वाचकाला येथे दया पवार यांच्या 'बलुतं'ची (१९७८) आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही पुस्तकांमध्ये एकाच वर्षाचे अंतर आहे. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा ठरतो. दया पवारांनी आपले आत्मकथन स्वतः लिहिले, त्याची मांडणी स्वतः ठरविली. कोंदोरी मामानीचे कथन ध्वनिमुद्रण, लिप्यंतर, संपादन आणि अनुवाद अशा टप्प्यांतून वाचकापर्यंत आले. तेथेही शब्दांचा धनी एक आणि ग्रंथाचे कर्ते दुसरे, ही विभागणी पूर्णतः मिटलेली नाही. फरक इतकाच, की संपादकांनी ती उघड ठेवली आणि मूळ केचुआ पाठ वाचकासमोर ठेवला.

७

या साऱ्या सामग्रीतून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासमोर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार प्रवाशाच्या 'मी'भोवती रचलेला असतो. त्यामुळे त्याचा अभ्यासही त्या 'मी'चाच अभ्यास होऊन बसतो. माचू पिच्चूच्या वाटेचे उदाहरण असे दाखविते, की ज्या निवेदनांना ग्रंथरूप लाभले नाही ती सर्वस्वी लुप्त झालेली नसतात. ती परक्याच्या ग्रंथातील आनुषंगिक वाक्यात, प्रशासकीय नियमात, टिपणवहीत, स्थलनामात आणि हमालाच्या तोंडच्या कथेत विखुरलेली असतात. करवसुली आणि सैन्यभरती टाळण्यासाठी डोंगरावर राहणारी दोन कुटुंबे बिंगमच्याच पानांवर आहेत. ती शोधण्यासाठी नव्या दस्तऐवजाची गरज पडत नाही, वाचनाची दिशा बदलावी लागते.

तसे वाचन केल्यास बिंगमचे कर्तृत्व खोटे ठरत नाही. त्याने मोहीम उभारली, नकाशे काढविले, छायाचित्रे घेतली, उत्खनन केले आणि एका स्थळाला जागतिक अभ्यासाचा विषय बनविले; हे आर्तेआगाने किंवा लिसार्रागाने केले नव्हते. परंतु स्थळ ठाऊक असणे आणि स्थळ प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि 'शोध' या एका शब्दाखाली त्या एकत्र केल्या की पहिली कृती दिसेनाशी होते. इतिहासकाराने आणि साहित्याभ्यासकाने त्या पुन्हा वेगळ्या करावयाच्या आहेत. मेल्चोर आर्तेआगाला त्या दिवशी मिळालेला एक सोल हा त्याच्या श्रमाचा मोबदला होता. त्याच्या माहितीचा मोबदला कोणत्या ग्रंथात कसा चुकविला गेला, हे तपासण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.